नानांची पावलं, माझे डोळे

३ नोव्हेंबर, सोमवार

आज वर्गात माझं चांगलंच हसं झालं. चौथीचं शुद्धलेखन तपासताना एका मुलीचा बरोबर शब्द मी चूक ठरवला. तिची आई बाजारात केंके, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकते. ती पिठाच्या हातांनीच वही घेऊन वर्गात आली. "गुरुजी, हे अक्षर एका बाजूने उघडं आहे, तुम्ही गोल बंद वाचलंत. माझी पोर घरी रडतेय." मी म्हणालो, हल्ली वह्यांचा कागद फार पिवळा येतो. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं.

घरी येऊन सेर्वाला सांगितलं. ती म्हणाली, "कागद पिवळा नाही, तुम्ही पिकलात. हात आणखी लांब करा. तरी नाही पुरलं तर वही अंगणात टांगा आणि घरातून वाचा." बायकोला उत्तर देण्यात अर्थ नसतो.

शाळेचं एक वेळ चालेल. काळजी दरबाराची आहे. मामा गेल्यावर आमचे राजे, नाना अंपेम, यांच्या पावलांपुढे चालायचा मान माझ्याकडे आला. राजाने जमिनीकडे बघत चालायचं नसतं. मान ताठ, नजर लोकांवर. खाली बघायचं काम माझं. मी त्यांच्या उजव्या अंगाला, अर्धं पाऊल पुढे, अनवाणी, खांद्यावरचं वस्त्र कमरेला गुंडाळून चालतो. नजर त्यांच्या वहाणांवर, आणि तोंडाने हळू आवाजात, "पायरी, नाना. दगड, नाना. सावकाश, नाना." राजाचा उघडा पाय मातीला लागला तर मेंढा कापून शांत करावी लागते. राजा पडला तर मेंढ्याने भागत नाही. मग जाणती मंडळी एकत्र बसतात आणि पूर्वजांनी या माणसाला सोडलं का, असं एकमेकांना विचारतात.

जानेवारीत नानांना गादीवर बसून पंचवीस वर्षं होतील. मोठी मिरवणूक आहे. आणि मला उघडं अक्षर बंद दिसतंय.

९ नोव्हेंबर, रविवार

आज आदाए, दर काही आठवड्यांनी येणारा पूर्वजांचा सण. दरबार भरला होता. आतल्या चौकातून बाहेर पडताना उंबऱ्यापाशी नानांची डावी वहाण अडकली आणि ते पुढे झुकले. मी खांदा पुढे केला, त्यांचा सगळा भार माझ्यावर आला, आणि पाय वहाणेतच राहिला. छत्रीवाल्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटलं, पण नानांचे मावसभाऊ त्वुमासी नेमके समोर होते. त्यांच्या लक्षात येत नाही असं काही नसतं. नानांच्या पाठोपाठ गादीवर हक्क त्यांचाच, आणि ते गेली पंचवीस वर्षं फार नम्रपणे वाट बघतायत.

मी "पायरी" म्हणालो होतो. वेळेवर म्हणालो का, ते मात्र मला सांगता येत नाही. उंबऱ्याची कड धूसर होती एवढं खरं. माझी पाचावर धारण बसली.

नानांचा मूड ठीक नव्हता. राजमातेने डावीकडून नमस्कार केला तर ते तशाच ताठ मानेने पुढे निघून गेले. त्या बिचाऱ्या तोंडात मारल्यासारख्या उभ्या राहिल्या. दोघांत जमिनीवरून काहीतरी बिनसलं असावं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाजारातून चाळिशी आणली. विकणाऱ्याने डोक्यावर टोपली घेऊनच माझ्या नाकावर चष्म्यामागून चष्मा चढवला आणि समोर जुनं वर्तमानपत्र धरलं. चौथ्या चष्म्याला अक्षरं जागेवर आली. घरी येऊन मी तासभर नुसता वाचत बसलो. औषधाच्या बाटलीवरचं, सार्डिनच्या डब्यावरचं, सगळं. मग सेर्वाकडे पाहिलं आणि म्हणालो, तुझे केस केव्हा पांढरे झाले? ती म्हणाली, "काढा तो चष्मा."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवारी नाना तक्रारी ऐकतात. मी शिकलेला म्हणून अर्ज वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच आहे. आज अर्ज झोकात वाचले. मग नाना उठले आणि मी चष्मा काढायला विसरलो. जमीन एकदम जवळ आली आणि डोलायला लागली. मी भलतीकडेच "पायरी" म्हणालो आणि नानांनी जिथे पायरी नव्हती तिथे पाय उचलला. त्यांनी पटकन माझा खांदा पकडला तो दारापर्यंत सोडला नाही. याआधी कधी त्यांनी आपणहून माझ्या अंगाला हात लावला नव्हता.

आत गेल्यावर ते म्हणाले, "क्वाबेना, आजपासून नुसतं दगड-पायरी सांगू नकोस. समोर कोण आहे, कोणत्या हाताला आहे, तेही सांग. हळू सांग. मलाच ऐकू येईल असं."

मी "हो नाना" म्हणालो, पण मनातून खचलो. ही माझी परीक्षा आहे. मला माणसं ओळखू येतात की नाही हे त्यांना तपासायचंय. सरळ रागावले असते तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रजा टाकून कुमासी शहरात पोकुआकडे गेलो. ही माझ्या बहिणीची मुलगी, डोळ्यांची डॉक्टर. लहानपणी माझ्या मांडीवर बसून पाढे म्हणायची, आज मला म्हणते, "मामा, हनुवटी इथे टेकव आणि बोलू नकोस." डोळ्यांवर फुंकर मारली, थेंब घातले, मग एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं मी चांगलं खेळलो.

"तुझं काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "वय झालंय. डोळ्यातलं भिंग कडक होतं, जवळचं बघायला ते वाकत नाही. लांबचंही थोडं गेलंय. चष्म्याने सगळं भागेल."

मी म्हणालो, मग एवढं वाडग्यात कशाला घातलंस? तर तिने शिकवणीच सुरू केली. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही. कडेचं आधी जातं आणि शेवटी नळीतून बघावं तेवढंच उरतं. माणसाला वाटतं आपण धांदरट झालो, किंवा घरातले लोक वाटेत सामान ठेवतात. आपल्या भागात हे फार आहे, लोक उशिरा येतात, आणि त्याला चष्मा नाही. पोरगी बोलायला लागली की थांबत नाही, आईवर गेलीय.

मग म्हणाली, "दरबारातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांना घेऊन ये ना. नानांनी कधी तपासलेत?"

मी तिला तिथेच गप्प केलं. दवाखान्यात राहून ही पोर सगळं विसरली. राजाच्या शरीरात व्यंग चालत नाही, साधा ताप आला तरी बाहेर कळू देत नाहीत. तिथे नानांना रांगेत बसवून हनुवटी टेकवायला सांगणार? ती म्हणाली, "दाबाला राजा कळत नाही, मामा." मी छत्री उचलली आणि निघालो. जिभेला हाड नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

पोकुआने दोन मजली चष्मा पाठवलाय. वरच्या मजल्यातून लांबचं, खालच्या खिडकीतून जवळचं, मध्ये रेघ. अर्ज वाचायला हनुवटी वर करून खालच्या खिडकीतून बघावं लागतं. मी दरबारात तसं केलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडायच्या आतच सभेत कुजबूज सुरू झाली. नानांसमोर, वडीलधाऱ्यांसमोर, मी नाक वर करून उभा होतो.

त्वुमासी गोड आवाजात म्हणाले, "गुरुजींना कुमासीचं वारं लागलं. आम्ही आता त्यांच्या नाकाखालून दिसतो."

मी गुडघ्यावर आलो आणि माफी मागितली. पण चूक ती चूक, दंड म्हणून जिनच्या दोन बाटल्या ठेवाव्या लागणार असं मंडळींनी ठरवलं. तेवढ्यात नाना हसले आणि म्हणाले, "मला तर काहीच दिसलं नाही."

सगळा दरबार हसला. टाळ्या वाजल्या. एवढ्या मोठ्या मनाचा राजा दुसरीकडे कुठे असेल? बाटल्याही माफ झाल्या. मी मात्र रस्ताभर मान खाली घालून आलो, आणि मान खाली घातली की रेघेखालून रस्ता फुगून वर येतो हेही कळलं.

११ डिसेंबर, गुरुवार

रेघेचा चष्मा परत केला. आता बिनरेघेचा आलाय. वर लांबचं, मध्ये मधलं, खाली जवळचं, सगळं एकातच. पोकुआ फोनवर म्हणाली, "डोळे फिरवू नकोस, जिकडे बघायचं तिकडे नाक ने." मी नाक नेत नेत बाजारात गेलो. कडेची माणसं पाण्यातून बघावं तशी वाकडी दिसत होती. पायाखालचं तर काहीच धड नाही, नेमकी तीच जागा या भिंगाने वाचनासाठी राखून ठेवलीय. मी गटारात गेलो. कोंबडीवाल्या बाईने हात देऊन वर काढलं आणि म्हणाली, "गुरुजी, नानांना कोण काढणार?"

सेर्वाने चिखल धुतला आणि चष्मा उचलून उंच फळीवर ठेवला. 

संध्याकाळी त्वुमासींनी बोलावून ताडी पाजली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "उंबऱ्यापाशी नाना अडखळले, परवा सपाटीवर पाय उचलला, राजमातेचा नमस्कार घेतला नाही. लोक बोलतात, क्वाबेना. मला वाईट वाटतं."  माझ्यामुळे लोकांनी नानांना बोलावं? मी सरळ सांगून टाकलं, "सगळं माझ्या डोळ्यांमुळे झालं. नानांची काही चूक नाही." नमस्काराचंही मीच वेळेवर सांगितलं नाही असं म्हणालो, खरं तर तेव्हा ते काम माझ्याकडे नव्हतं.  त्वुमासी पेला अर्धाच ठेवून उठले. मला वाटलं होतं ते खूश होतील.

२१ डिसेंबर, रविवार

डोळ्यात घालायची भिंगं. पोकुआ म्हणाली, हाही एक मार्ग आहे, एक डोळा लांबच्यासाठी, एक जवळच्यासाठी, मेंदू आपोआप वाटणी करतो. माझ्या मेंदूला वाटणीची सवय नाही, आमच्यात सगळं एकत्र कुटुंब. सकाळी आरशासमोर बसलो तर अर्धा तास पापणीच मिटते. सेर्वा दारातून म्हणाली, "पन्नाशी उलटल्यावर स्वतःच्या डोळ्यात बोट घालायची हौस. आतापर्यंत ते काम मी करत होते."

एकदाची बसली. पण हरमाटनचा वारा सुटलाय. उत्तरेकडून सगळं वाळवंट उडत येतंय, ओठ फाटतात, दारांवर धूळ बसते, आणि ती धूळ भिंगाखाली गेली की जीव नकोसा होतो. दुपारपर्यंत डोळे लालबुंद. चर्चमधून येताना शेजारीण हात धरून विचारते, कोण गेलं? मी म्हणालो, कुणी नाही. तिला खोटं वाटलं. तासाभरात अंगणात सुतकाची लाल-काळी वस्त्रं नेसून सात-आठ बायका येऊन बसल्या, एक तर रडायलाही लागली. सेर्वाने सगळ्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, "माझ्या नवऱ्याची अक्कल वारली."

वर आणखी एक. एका डोळ्याने लांबचं, एकाने जवळचं, यात पायरी किती खोल आहे ते कळत नाही. पोकुआ म्हणते थोडे आठवडे दे. माझ्याकडे आठवडे कुठे आहेत?

२९ डिसेंबर, सोमवार

नानांनी एकट्याला बोलावलं. खिडक्या लावून बसले होते, एक पणती तेवढी. मला म्हणाले, "मिरवणुकीचं मैदान चालून ये आणि मला सांग." मी भिंगं काढून टाकली होती, चष्माही लावला नव्हता. वाकून वाकून सगळं पाहिलं. परत येऊन सांगितलं. कमानीपासून उतार, मग जुन्या फणसाची मुळं, मग पाण्याची चर, पुढे मंडपापर्यंत सपाट. त्यांनी परत सांगायला लावलं. पुन्हा एकदा. मग डोळे मिटून त्यांनी मलाच ते सगळं म्हणून दाखवलं, एकही चूक न करता. किती ही स्मरणशक्ती या वयात. आणि किती अविश्वास माझ्यावर.

मला राहवलं नाही. मी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "नाना, माझ्या हातून घात होईल. मला मोकळं करा. एखादा तरुण घ्या, ज्याला दिसतं."

ते चिडले. एवढे चिडलेले मी त्यांना कधीच पाहिले नव्हते. "तुझ्याशिवाय मी या दाराबाहेर पाय ठेवणार नाही," ते म्हणाले. मग पाणी मागितलं. मी पेला पुढे धरला तर त्यांचा हात माझ्या मनगटावर आला आणि मग हळूहळू पेल्यापर्यंत गेला. रागात माणसाला पेलाही नीट धरता येत नाही.

घरी येऊन मी रडलो. मी नालायक आहे हे त्यांना माहीत आहे आणि तरी ते मला सोडत नाहीत.

५ जानेवारी, सोमवार

पोकुआने शेवटी मला समोर बसवून विचारलं, "मामा, तुला नेमकं काय करायचंय? डोळे काय हवेत ते नको सांगू, काम काय ते सांग." मी सांगितलं. ती म्हणाली, "मग एकातच सगळं कशाला हवं? चालताना फक्त लांबचा घाल, त्यातून तुझी जमीन स्वच्छ दिसेल. वाचायचा वेगळा, तो कमरेला खोच. बसलास की बदल." आधीच विचारायला हवं होतं असंही म्हणाली. कुणी? तिने की मी, ते नाही बोलली.

लांबचा घालून बाहेर आलो आणि माझ्याच पायाची नखं दिसली, त्यांच्यावरची माती दिसली, वाटेत एक मुंग्यांची रांग दिसली. आता नानांना काही होणार नाही. आज किती दिवसांनी फुफू पोटभर जेवलो. सेर्वा म्हणाली चष्मा शोभतो. म्हणजे खरंच शोभत असणार.

१० जानेवारी, शनिवार

जे झालं ते तसंच लिहितो.

कमानीपासून सगळं छान. मी एकेक सांगत होतो आणि नाना एकेक पाऊल टाकत होते. उतार. मूळ. दुसरं मूळ. चर. डावीकडे राजमाता, नाना, आणि नानांनी डावीकडे मान लववली, त्यांचा चेहरा फुलला. त्वुमासी मागून येत होते. इतकं स्वच्छ दिसत होतं मला. नानांच्या वहाणेवरच्या सोनेरी पत्र्यात मला छत्रीचं प्रतिबिंब दिसत होतं.

मग ठासणीच्या बंदुका सुटल्या. सगळ्या एकदम. ढोल वाढले, बायकांचा गलका वाढला, धूर झाला. माझाच आवाज मला ऐकू येईना. पुढे मंडपापर्यंत काही नव्हतं, झाडून काढलेली जमीन, एक खडा नाही. आणि नाना थांबले. डावा पाय उचललेला, आणि तो खाली येईना. मी "सपाट, नाना, सपाट" ओरडत होतो. त्यांचा चेहरा समोर लोकांकडे होता, हसरा, राजासारखा, आणि पाय अंधारात पायरी शोधावी तसा हवेत चाचपडत होता.

मी वर पाहिलं. त्या कामात वर बघायचं नसतं, पण मी पाहिलं. ते मला शोधत होते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो आणि ते मला शोधत होते.

मी खाली बसलो, वहाणेचा पट्टा बांधतोय असं दाखवलं, आणि पाय धरून जमिनीवर ठेवला. मग दुसरा. असा वाकूनच, एक हात वहाणेवर ठेवून, मी त्यांना मंडपापर्यंत नेलं. लोकांना ते फार आवडलं. जुन्या काळची सेवा अशी असायची, असं एक म्हातारी म्हणाली. माझी कंबर मोडली. त्वुमासी टाळ्या वाजवत नव्हते.

उंबरा. नमस्कार. खांदा. पेला. मला काहीच दिसलं नाही असं ते भरदरबारात म्हणाले आणि आम्ही हसलो. मी दोन महिने स्वतःचेच डोळे बघत बसलो होतो.

११ जानेवारी, रविवार

पोकुआला फोन केला. शाळेच्या पहारेकऱ्याचं सांगतोय असं म्हणालो. साठीचा माणूस, कडेचं दिसत नाही, आता समोरचंही जातंय. ती म्हणाली, "त्याला उद्या घेऊन ये. उद्याच." मी म्हणालो, कोणता चष्मा लागेल? "चष्मा नाही, मामा. गेलं ते कशानेच येत नाही. उरलंय ते थेंबांनी टिकलं तर टिकेल, पण आधी तपासायला हवं."  मग म्हणाली, "आपल्या शाळेला पहारेकरी कधी ठेवला?"

मी फोन ठेवून दिला.

१३ जानेवारी, मंगळवार

जाणती मंडळी बसली. त्वुमासी उभे राहिले. "शनिवारी सपाट जमिनीवर मिरवणूक थांबली," ते म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलं. का थांबली? एक तर वाट दाखवणाऱ्याचे डोळे गेलेत. नाहीतर..." तिथे त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि सावकाश सगळ्यांकडे बघत राहिले. नाना ताठ बसले होते. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. ते काही बोलले असते तर पुढचा प्रश्न त्यांनाच आला असता.

माझ्या नाकावर नवा चष्मा होता. त्वुमासींच्या कपाळावरचा घाम मला थेंबाथेंबाने दिसत होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझे गेलेत."

"चष्मा लावूनही?"

"लावूनही."

त्यांनी मंडळींकडे वळून विचारलं, कुणाला माहीत आहे का? सगळ्यांना माहीत होतं. गुरुजी गटारात पडले. गुरुजींनी नाक वर केलं. गुरुजी डोळ्यात काहीतरी घालतात आणि रडतात. केंकेवालीची वहीसुद्धा निघाली. पाच मिनिटांत निकाल लागला. पुढच्या आदाएपासून नानांच्या पुढे त्वुमासींच्या बहिणीचा जावई चालेल, अग्येमान, खेळाचा शिक्षक, नजर गरुडाची, आणि तिचा हिशेब रोज संध्याकाळी त्वुमासींकडे जाणार. मी डोळे चांगले आहेत म्हणालो असतो तर नाना आजच गादीवरून गेले असते. नाहीत म्हणालो, तर ते पुढच्या आदाएला जातील. दोन्हींमध्ये माझ्या हातात एवढे दिवस होते. ते मी घेतले.

सेर्वाला खरं सांगितलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं सुटलात." आणि मग माझ्याकडे बघून पाणी आणून दिलं.

१५ जानेवारी, गुरुवार

काम सोडताना निरोप घ्यायचा असतो, म्हणून आत जाता आलं. दुपारची वेळ होती, खिडक्या उघड्या, खोलीभर ऊन. नाना एकटेच होते. मी आवाज दिला तेव्हा त्यांनी मान वळवली.

"अग्येमानचा आवाज कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"मोठा आहे, नाना."

"मोठ्याचं काय करू? वेळेवर हवा."

मी जवळ जाऊन थेंबांचं सांगितलं. उरलंय ते टिकेल, पोकुआ कुणाला सांगणार नाही, मी रात्रीतून गाडी आणतो. ते ऐकत होते. म्हणाले, "राजा कुमासीला निघाला की छत्री निघते, ढोल निघतात. डोळ्यांच्या दवाखान्याच्या दारात छत्री उभी राहिली की संध्याकाळपर्यंत गादी त्वुमासीची." मी म्हणालो, मग पोकुआला इथे आणतो. "तुझी भाची काय करते ते बाजारातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे, क्वाबेना." आणि जरा थांबून, "गादी गेल्यावर जाईन तिच्याकडे. तोवर जायला काही उरलं असेल तर."

 एवढे चष्मे आणले मी, एवढी भिंगं, आणि या माणसाला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

मग ते म्हणाले, "तुझा तो चष्मा दे बघू. लांबचा."

मी काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी काड्या चाचपल्या, एकदा उलटा धरला, मग नीट लावला. मान ताठ करून बसले. मला ते बघवेना. ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं म्हणून मी खिडकीचं दार ओढायला उजवीकडे सरकलो. अनवाणी पायांचा आवाज होत नाही.

ते मी आधी उभा होतो तिथेच बघत होते. चेहरा खुलला, अगदी राजमातेला पाहून खुलला होता तसा. "छान आहे," ते म्हणाले. "आता दिसतोस."

मी हळूच परत गेलो, ते बघत होते तिथे जाऊन उभा राहिलो, आणि मग म्हणालो, "हो, नाना."